फसवाफसवीचे इंग्रजी शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. बँकेच्या परीक्षा देणारी मुलं, कोर्टात टायपिंग करणारी मंडळी, एखाद-दुसरे निवृत्त काका असा सगळा मेळ असतो. फसवणुकीच्या शब्दांवर सगळ्यांचे प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. शब्दाच्या जन्माची गोष्ट जितकी गोड, तितकी ती आधी तपासून घ्या, कारण सगळ्यात जास्त थापा या शब्दांच्या व्युत्पत्तीतच मारल्या गेल्या आहेत.

फ्रॉड, चीटिंग आणि स्कॅम यांत फरक काय? मराठीत तर सगळी फसवणूकच.

बोलताना फरक केला नाही तरी चालतं. लिहिताना, त्यातून कागद पोलिसांत किंवा कोर्टात जाणार असेल तर, फरक पडतो.

'फ्रॉड' सगळ्यात जुना आणि भारदस्त. लॅटिनमधला 'फ्राउस', तिथून फ्रेंच, आणि चौदाव्या शतकात इंग्रजी. अर्थ तेव्हाही कपट, आजही कपट. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमात फ्रॉडची व्याख्या आहे: खोटं ते खरं म्हणून सांगणं, माहीत असलेली गोष्ट दडवणं, पाळायचंच नाही असं मनात धरून वचन देणं वगैरे. करार रद्द करून घ्यायचा असेल तर हा शब्द कामाचा.

'चीटिंग' हा फौजदारी शब्द. भारतीय दंड संहितेत ४१५ व्या कलमात त्याची व्याख्या होती, आणि कायद्याच्या मराठी अनुवादात त्याला 'ठकवणूक' म्हटलं आहे. कोणाला तरी फसवून त्याच्याकडून काही काढून घेणं किंवा एरवी त्याने केलं नसतं असं काही करायला लावणं, हा त्याचा गाभा.

'स्कॅम' कायद्याच्या पुस्तकातला शब्दच नाही. तो बाजारातला आणि वर्तमानपत्रातला. 'घोटाळा' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते सगळं त्यात मावतं.

मग विश्वासाने दिलेले पैसे कोणी खाल्ले तर ते चीटिंग का?

बहुतेक वेळा नाही, आणि वर्गातला सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. चीटिंगमध्ये समोरच्याच्या मनात सुरुवातीपासून पाप असावं लागतं. सोसायटीच्या खजिनदाराकडे देखभालीचे पैसे रीतसर सोपवले, वर्षभर त्याने हिशेब चोख ठेवला आणि मग हात मारला, तर तो विश्वासघात. कायद्याच्या मराठीत 'फौजदारीपात्र न्यासभंग'. इंग्रजी पेपर अशा वेळी 'एम्बेझल' लिहितात, आपले पेपर 'अपहार' किंवा 'अफरातफर'. एम्बेझलचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ नासधूस करणं, छळणं असा होता. पैशाची चोरी ही छटा त्याला पुढे चिकटली.

'चीट' शब्दाचं मूळ खरंच सरकारी आहे का?

हो, आणि ही गोष्ट गोड असूनही खरी आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखादा जमीनदार वारस न ठेवता मेला की त्याची जमीन राजाकडे किंवा वरच्या सरदाराकडे परत जाई. या परत जाण्याला 'एस्चीट' म्हणत. मूळ लॅटिन क्रियापद 'पडणे' या अर्थाचं, म्हणजे जे आपसूक पदरात पडतं ते. अशा जमिनींवर नजर ठेवायला राजाचे अधिकारी असत, 'एस्चीटर'. वारस असतानाही नाही म्हणून सांगायचं, कागदात खोट काढायची, जमीन सरकारजमा करायची आणि मधल्यामध्ये आपलाही हात ओला करायचा, अशी या लोकांची ख्याती झाली. लोकांच्या तोंडी शब्द आखूड होऊन 'चीट' राहिला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याचा अर्थ सरळ ठकवणे असा झाला.

मराठी माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे, म्हणजे आप्पासाहेब, वारले. त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि राज्य खालसा केलं. डलहौसीच्या कारकिर्दीत झाशी आणि नागपूरची गत तीच झाली. शाळेत आपण याला 'खालसा धोरण' म्हणून पाठ करतो. वारस समोर असताना तो वारस नाहीच असं कागदावर ठरवायचं, हा एस्चीटरांचा जुनाच धंदा होता. फक्त या वेळी वाडी-शेताऐवजी राज्यं होती.

'एस्चीट' हा मूळ शब्द आजही जिवंत आहे, तोही आपल्या संविधानात. अनुच्छेद २९६ मध्ये तो येतो: कोणी वारस नसलेली मालमत्ता सरकारकडे जाते. वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हा आणि 'चीट' एकाच घरातले आहेत हे लक्षात ठेवलं तर दोन्ही विसरणार नाहीत.

चारसोबीस आता गेलं म्हणतात, ते खरं का?

कायद्यातून गेलं, तोंडातून जायला वेळ लागेल. दंड संहिता १८६० ची, १ जानेवारी १८६२ पासून लागू. त्यातलं ४२० वं कलम म्हणजे ठकवून मालमत्ता काढून घेणं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तोच गुन्हा कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमात गेला. 'तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे' असं मी अजून तरी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

'स्कॅम' हे कशाचं लघुरूप आहे का?

नाही. व्हॉट्सअॅपवर त्याच्या चार अक्षरांचं जे काही लांबलचक पूर्ण रूप फिरतं, ते नंतर कोणीतरी बसवलेलं. हा अमेरिकी बोलीतला शब्द, छापलेला प्रथम सापडतो तो १९६३ च्या सुमाराला, आणि त्याआधी तो कुठून आला हे कोशकारांनाही ठामपणे सांगता येत नाही. जत्रेतल्या खेळवाल्यांच्या भाषेतून आला असावा असा एक अंदाज आहे.

मुंबईकरांच्या कानात मात्र तो १९९२ लाच बसला. २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली आणि हर्षद मेहता प्रकरण उघड झालं. बँका आपापसांत सरकारी रोख्यांचे व्यवहार करत. हातात प्रत्यक्ष रोखे न देता 'बँक रिसीट' नावाचा एक कागद देत. तो कागद म्हणजे रोखे आहेत अशी हमी, पण काही कागदांमागे रोखेच नव्हते. तो पैसा दलालाच्या हातून शेअर बाजारात फिरला. आमच्या वर्गातले एक निवृत्त काका तेव्हा फोर्टात एका बँकेत होते. ते सांगतात की त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कोणी डबा उघडायच्या आधी पेपर उघडायचा.

'ठग' आपला शब्द की इंग्रजांचा?

शंभर टक्के आपला. संस्कृतात 'स्थग' म्हणजे झाकणारा, लपवणारा, लबाड. त्यातून ठक आणि ठग. मराठीत ठकवणे, ठकबाज, 'ठकास महाठक' हे सगळं त्याच घरचं. वर्तमानपत्रांचा लाडका 'ठकसेन' पण त्यातलाच. त्याला नाव ठेवणारा उपसंपादक कोण होता कोण जाणे, पण शब्द झकास आहे.

इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेला आणि तिथे त्याचा स्वभाव बदलला. वाटसरूंशी दोस्ती करायची, चार मुक्काम बरोबर चालायचं, एकत्र जेवायचं, आणि मग बेसावध क्षणी रुमालाने गळा आवळायचा, असं ज्या टोळ्यांबद्दल सांगितलं जाई त्यांना इंग्रज 'थग' म्हणू लागले. १८३६ चा कायदा फक्त त्यांच्यासाठी झाला: टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. त्यांच्यामागे लागलेला अधिकारी विल्यम स्लीमन. त्याने या लोकांच्या गुप्त बोलीचा एक कोशच १८३६ मध्ये कलकत्त्याला छापला. अशा टोळ्या किती होत्या आणि कंपनी सरकारने त्या किती फुगवून सांगितल्या, यावर इतिहासकारांचे वाद आजही चालू आहेत.

महत्त्वाचं असं की आपल्या ठगात गोड बोलणं पहिलं, इंग्रजांच्या 'थग'मध्ये गळा आवळणं पहिलं. आज इंग्रजीत 'थग' म्हणजे गुंड, दांडगाई करणारा. त्यामुळे फोनवरून गोड बोलून पैसे काढणाऱ्याला इंग्रजी बातमीत 'थग' लिहिलं तर लंडनचा वाचक गोंधळेल. भारतातले इंग्रजी पेपर सर्रास तसं लिहितात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. शब्द आपला, अर्थही आपला मूळचा.

'कॉन मॅन'मधला 'कॉन' म्हणजे काय?

'कॉन्फिडन्स', म्हणजे भरवसा. या शब्दाची जन्मतारीख बऱ्यापैकी नेमकी सांगता येते, जे फार कमी शब्दांबाबत शक्य असतं.

१८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा एक गृहस्थ होता. चांगले कपडे घालून रस्त्यात एखाद्या सधन माणसाला गाठायचा. जुनी ओळख असल्यासारखं बोलायचा. समोरचा बिचारा संकोचाने 'ओळखलं नाही' म्हणत नसे. गप्पा रंगल्या की थॉम्पसन विचारायचा, तुमचा माझ्यावर भरवसा आहे ना? मग उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवाल का? आणि लोक सोन्याचं घड्याळ काढून देत. जुलै १८४९ मध्ये त्यातल्याच एकाने त्याला रस्त्यात ओळखलं आणि पोलिसांच्या हवाली केलं. न्यूयॉर्क हेराल्डने त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटलं, ते नाव सगळ्या जमातीला लागलं आणि पुढे आखूड झालं.

मराठीत याला विश्वासघातकी म्हणू नका. विश्वासघातक्यावर आपला विश्वास आधीपासून असतो. कॉन मॅन तो समोर उभा राहून पाच मिनिटांत तयार करतो. आपल्याकडे 'भामटा' लिहितात, त्याबद्दल खाली बोलू.

याच घरचा आणखी एक शब्द 'शिल'. स्टेशनबाहेर उलट्या खोक्यावर तीन पत्ते फिरवणारा बसतो. राणी ओळखा, पैसे दुप्पट. गर्दीतला एक जण दोनदा जिंकतो, नोटा हवेत नाचवतो आणि शेजाऱ्याला कोपर मारून म्हणतो, 'लाव की, सोप्पं आहे.' हा जिंकणारा खेळवाल्याचाच माणूस, तो शिल. अमेरिकी बोलीतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, मूळ अंधारात. इंटरनेटवर पैसे घेऊन खोटी तारीफ लिहिणाऱ्यांनाही आता शिल म्हणतात.

'रिसीट'च्या स्पेलिंगमध्ये पी आहे, 'डिसीट'मध्ये का नाही?

दोघांचा बाप एकच, लॅटिनमधलं 'कापेरे', म्हणजे पकडणे. 'रिसीव्ह' म्हणजे घेणे, 'परसीव्ह' म्हणजे जाणिवेने पकडणे, आणि 'डिसीव्ह' म्हणजे फसवून पकडणे, सापळ्यात घेणे. फ्रेंचमधून येताना यातला पी गळून पडला होता. पुढे विद्वानांना लॅटिन आठवलं आणि त्यांनी तो परत चिकटवायला सुरुवात केली. 'रिसीट'ला चिकटला. 'डिसीट'लाही काही काळ लावून पाहिला, तिथे टिकला नाही. उच्चार तर कुठेच झाला नाही. परीक्षेत यावर प्रश्न येतो, तेव्हा हे असंच लक्षात ठेवा. तर्क शोधू नका.

जाता जाता: फ्रेंच शिकणाऱ्यांनी सांभाळा. फ्रेंचमध्ये 'देसेप्सियों' म्हणजे फसवणूक नव्हे, अपेक्षाभंग. स्पॅनिशमध्येही तसंच.

'सिन्सिअर' म्हणजे मेणाशिवाय, ही गोष्ट खरी का?

खोटी. गोष्ट अशी सांगतात: रोमन मूर्तिकार संगमरवराला गेलेले तडे मेणाने बुजवत आणि गिऱ्हाइकाला टोपी घालत, म्हणून प्रामाणिक मूर्तिकार 'सिने सेरा', म्हणजे 'मेणाशिवाय' असं सांगून माल विकत. मॅनेजमेंटच्या भाषणांत ही हमखास येते आणि लोक टाळ्या वाजवतात. प्रत्यक्षात लॅटिन 'सिन्सेरुस' म्हणजे निव्वळ, निर्भेळ. त्याचं मूळ 'एक' आणि 'वाढणे' या अर्थांच्या धातूंत असावं, म्हणजे एकाच वाणाचं, भेसळ नसलेलं. प्रामाणिकपणाच्या शब्दाभोवती एवढी पक्की थाप रचली जावी, याची मला दर वेळी गंमत वाटते.

'रेड हेरिंग'चंही तसंच. मिठात मुरवून, धुरावर धरून लाल झालेली हेरिंग मासळी. वास असा की आपल्या सुक्या बोंबलाने मान खाली घालावी. मुद्द्यावरून लक्ष उडवण्यासाठी मध्येच टाकलेल्या गोष्टीला रेड हेरिंग म्हणतात. गुन्हेगार कुत्र्यांना चकवण्यासाठी वाटेवर हा मासा ओढत नेत, म्हणून हा अर्थ आला असं सांगतात. गुन्हेगारांचा संबंध नाही. विल्यम कॉबेट नावाच्या इंग्रज पत्रकाराने १८०७ मध्ये आपल्या साप्ताहिकात, लहानपणी आपण सशामागच्या कुत्र्यांना असं चकवलं अशी एक गोष्ट लिहिली. नेपोलियनच्या पराभवाची खोटी बातमी ज्या पेपरांनी छापली, त्यांची टर उडवायला. अर्थ त्या गोष्टीतून पसरला.

'हिपोक्रिट' आणि 'इम्पोस्टर' दोन्ही सोंग घेणारेच ना?

सोंग वेगवेगळं. ग्रीकमध्ये 'हिपोक्रितेस' म्हणजे रंगमंचावरचा नट. मुखवटा लावून बोलणारा. त्यात आधी काही वाईट नव्हतं, चांगुलपणाचा मुखवटा लावणाऱ्याला शब्द लागला आणि तो शिवी झाला. आपल्याकडे ढोंगी.

'इम्पोस्टर' म्हणजे आपण दुसराच कोणी आहोत असं भासवणारा. लॅटिनमध्ये 'वर लादणे' असा धातू आहे, म्हणजे आपल्या 'टोपी घालणे'च्या जवळचा. त्याला मराठीत इतका नेमका शब्द आहे की इंग्रजीने हेवा करावा: तोतया. १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, त्यानंतर 'मीच भाऊ' म्हणत एक जण उभा राहिला. त्याने बरीच माणसं आणि मुलूख गोळा केला. अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न्याय संहितेत कलम ३१९ आहे, तोतयेगिरी करून ठकवण्याचं. 'मी क्राइम ब्रँचमधून बोलतोय' म्हणणारा त्यात बसतो.

बोगस डॉक्टरला इंग्रजीत काय म्हणावं?

'क्वॅक'. बदकाच्या क्वॅक-क्वॅकशी याचा सरळ संबंध नाही. डच भाषेत 'क्वाकसाल्वर' म्हणजे मोठमोठ्याने बढाया मारत मलम विकणारा. त्याचा अर्धा तुकडा उरला.

'माउंटबँक' पण त्याच बाजारातला. इटालियनमध्ये 'बाकावर चढ'. चौकात बाकड्यावर चढून औषधाच्या बाटल्या विकणारा. 'शार्लटन'चं मूळ इटलीतल्या चेरेतो या गावात सापडतं. तिथले लोक फिरते औषधविके म्हणून बदनाम होते, आणि गावाच्या नावात 'बडबडणे' या अर्थाचं इटालियन क्रियापद मिसळून शब्द बनला. शार्लटनला 'भोंदू' हा मराठी शब्द अगदी फिट्ट बसतो. क्वॅकला नाही. क्वॅक डॉक्टरकीपुरता, शार्लटन कुठल्याही विद्येचा आव आणतो.

'स्नेक ऑइल'बद्दल विचारणारेही असतात. क्लार्क स्टॅन्ली नावाचा अमेरिकी विक्रेता १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात लोकांसमोर जिवंत साप चिरून उकळायचा आणि सांधेदुखीचं तेल विकायचा. पुढे सरकारने बाटल्या जप्त करून तपासल्या. निघालं ते मुख्यतः खनिज तेल, जनावराची थोडी चरबी, मिरची, कापूर असलं काहीबाही. सापाचा पत्ता नाही. दंड किती? वीस डॉलर. मुंबईच्या फुटपाथवर सांड्याचं तेल विकणारे ज्यांनी पाहिलेत त्यांना हा माणूस समजावून सांगावा लागत नाही.

चेकवर खोटी सही केली तर 'फोर्जरी' की 'काउंटरफिट'? 'बोगस' चालेल का?

सही खोटी असेल तर फोर्जरी. नोट, नाणं, मुद्रांक खोटा छापला तर काउंटरफिट. तेलगी प्रकरणातले मुद्रांक काउंटरफिट होते. त्यावर उद्या कोणी दुसऱ्याच्या नावाने सही ठोकली तर ती फोर्जरी.

'फोर्ज' म्हणजे मुळात लोहाराची भट्टी, 'फॅब्रिका' या लॅटिन शब्दातून आलेली. 'फॅब्रिकेट'ही तिथलाच. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ नुसता 'घडवणे', म्हणून आजही 'फोर्ज'चा चांगला अर्थ शिल्लक आहे, मैत्री फोर्ज करता येते. आपण 'रचून सांगतोय' म्हणतो तेव्हा 'रचणे'चं हेच झालेलं असतं.

'बोगस' १८२७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत सापडतो, आणि तेव्हा ते खोटी नाणी पाडायच्या यंत्राचं नाव होतं. त्याआधीचं काही धड माहीत नाही. मराठीने त्याला इतकं आपलंसं केलंय की बोगस मतदार, बोगस बियाणं, बोगस डॉक्टर, कुणाला तो परका वाटत नाही. कोर्टाच्या कागदात मात्र घालू नका.

'ड्यूप' झालेला माणूस म्हणजे बकरा?

बरोबर, फक्त इंग्रजीत तो पक्षी आहे. 'ड्यूप' फ्रेंचमधून आला, आणि हुदहुद पक्ष्याच्या फ्रेंच नावावरून तो बनला असं बहुतेक कोशकार मानतात. डोक्यावर तुरा, भोळसट दिसणं. 'गलिबल'मधला 'गल' हाही जुन्या इंग्रजीत भोळ्या माणसाला म्हणत, बहुधा पिल्लू या अर्थाने. आणि 'डीकॉय' डच भाषेतल्या 'कोई'तून, म्हणजे बदकं पकडायचा पिंजरा. आपले क्राइम रिपोर्टर डीकॉयला 'बोगस गिऱ्हाईक' लिहितात: 'बोगस गिऱ्हाईक पाठवून सापळा रचला.'

'कोल्यूजन' आणि 'इल्यूजन' सारखे का दिसतात?

दोघांच्या पोटात 'खेळणे' हा लॅटिन धातू आहे. इल्यूजन म्हणजे डोळ्यांशी खेळ, डिल्यूड म्हणजे मनाशी खेळ, कोल्यूजन म्हणजे दोघांनी मिळून तिसऱ्याशी खेळलेला खेळ. टेंडरच्या बातमीत 'संगनमत' येतं ते हेच.

भिशी ही पॉन्झी स्कीम आहे का?

नाही, आणि भिशीवाल्या काकूंसमोर असं म्हणूही नका. चार्ल्स पॉन्झी १९२० मध्ये बोस्टनमध्ये पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देतो म्हणाला. आंतरराष्ट्रीय टपाल कूपनं एका देशात स्वस्त घेऊन दुसऱ्या देशात वटवायची, असा त्याचा दावा. प्रत्यक्षात नव्या लोकांचे पैसे जुन्यांना नफा म्हणून वाटत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डोलारा कोसळला.

भिशीत बारा जणी दरमहा ठरलेली रक्कम टाकतात, एकीला सगळी मिळते, पुढच्या महिन्यात दुसरीला. नफ्याचं आश्वासन नाही, बाहेरच्या नव्या माणसाची गरज नाही. भिशी बुडते ती कोणी पैसे उचलून पुढचे हप्ते बुडवले की. तो विश्वासघात. पॉन्झी बुडणारच असतो, पहिल्या दिवसापासून.

'जिप' हा शब्द वापरावा का?

नको. ठकवणे या अर्थाचा हा अमेरिकी शब्द 'जिप्सी'वरून आला. त्यात आणखी एक चूक आहे: हे लोक इजिप्तहून आले अशा गैरसमजातून युरोपने त्यांना जिप्सी नाव दिलं. रोमा लोकांचं मूळ उत्तर भारतात आहे. पैज हरून पैसे बुडवण्याला 'वेल्श' म्हणतात, तोही वेल्सच्या लोकांना झोंबतो.

आता आपल्या अंगणात या. 'भामटा' हे एका समाजाचं नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'राजपूत भामटा' आजही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, 'विमुक्त' हे नाव त्यावरूनच. तरी मथळ्यात 'भामट्याने लुटले' रोज छापून येतं. वर्गात मी 'ठकसेन' किंवा 'लबाड' लिहायला सांगते. सगळ्यांना पटतंच असं नाही.

'गॅसलाइटिंग', 'फिशिंग' हे नवे शब्द कुठून आले?

पहिला १९३८ च्या एका इंग्रजी नाटकावरून, पॅट्रिक हॅमिल्टनचं 'गॅस लाइट'. १९४४ चा चित्रपट जास्त गाजला. नवरा माळ्यावर चोरून दागिने शोधतो, तिथला दिवा लावला की खालचे गॅसचे दिवे मंद होतात. बायको विचारते, तर तो म्हणतो तुला भास होतायत. समोरच्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडवणं, हा अर्थ. मेरियम-वेबस्टर कोशाने २०२२ चा शब्द म्हणून तो निवडला, आणि तेव्हापासून लोक कुठल्याही साध्या थापेला गॅसलाइटिंग म्हणत सुटलेत. डब्यातला लाडू खाऊन 'मी नाही खाल्ला' म्हणणं म्हणजे निव्वळ खोटं बोलणं.

'फिशिंग' १९९० च्या दशकाच्या मध्याचा, अमेरिकेत ऑनलाइन खात्यांचे पासवर्ड चोरणाऱ्यांचा. गळ टाकून मासे पकडणं हाच विचार, स्पेलिंग मात्र फोन हॅक करणाऱ्या जुन्या टोळक्यांच्या धर्तीवर बदललेलं.

आणि 'डिजिटल अरेस्ट'?

हा शब्दच बनावट आहे. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक असा काही प्रकार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं. भामट्यांनी, म्हणजे ठकसेनांनी, सरकारी वाटेल असा शब्द घडवला आणि आपण तोच वापरतो आहोत.

तक्रार लिहिताना यातला कोणता इंग्रजी शब्द वापरायचा?

कुठलाच नाही वापरला तरी चालेल. तक्रार मराठीत देता येते. कधी, कोणत्या नंबरवरून फोन आला, तो काय म्हणाला, कोणत्या खात्यात किती रुपये गेले, हे ओळीने लिहा. कलम लावायचं काम पोलिसांचं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, कागद नंतर. मराठीत 'गंडा घातला' लिहिलंत तरी ठाणे अंमलदाराला बरोबर कळतं.